विचारपुशीच्या फोनची वही : बेळगाव, मार्च ते ऑगस्ट २०२०

टाळेबंदीत घरात एकट्या पडलेल्या माणसांना रोज फोन करण्याचे काम शहापुरातील एका लहान वाचनालयाच्या आम्ही आठ जणांनी केले. खानापूर आणि गडहिंग्लज येथील ओळखीच्या मंडळींना असेच काम सुरू करायचे असल्याने त्यांनी माहिती मागितली, म्हणून वहीतील नोंदी उतरवून देत आहे. माणसांची नावे काढली आहेत आणि काही ठिकाणी गल्ली बदलली आहे. चुका मात्र ठेवल्या आहेत, कारण आमचा बराचसा वेळ त्यांतच गेला.

२८ मार्च २०२०, शनिवार

पाडव्याच्या दिवशी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, वाचनालयाच्या एका जुन्या सभासदाने मला तीन वेळा फोन करून वाचनालय किती वाजता उघडणार असे विचारले. ते बंद आहे हे त्यांना माहीत होते. दाराला कुलूप लावताना ते माझ्या शेजारीच उभे होते. तिसऱ्या फोननंतर मी सभासदांचे रजिस्टर घरी मागवून घेतले आणि साठीच्या पुढची, एकटी किंवा दोघेच राहणारी नावे वेगळी काढली. एकेचाळीस नावे निघाली. त्यांपैकी सतरा क्रमांक केव्हाच बंद पडलेल्या जुन्या दूरध्वनींचे होते. ते शोधण्यात दीड दिवस गेला आणि शेवटी दूधवाल्याने अर्ध्या तासात अकरा क्रमांक मिळवून दिले. यादी करणाऱ्याने पहिल्यांदा दूधवाल्याला गाठावे. कोणाच्या दारातली पिशवी सकाळी दहापर्यंत तशीच लटकते आहे, हे गल्लीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

फोनची वेळ सकाळी नऊची ठरवली.

३० मार्च, सोमवार

नऊची वेळ चुकली. दूरदर्शनवर परवापासून रामायण पुन्हा सुरू झाले आहे आणि ते नेमके सकाळी नऊला व रात्री नऊला लागते. काल बहुतेकांनी फोन उचलून ‘नंतर करा’ एवढेच सांगितले आणि एका काकूंनी तर तेवढेही सांगितले नाही. वेळ दुपारी चारची केली.

दुसरी चूक मोठी आहे. अनगोळमधील एका मावशींनी काल सांगितले की त्यांच्या यजमानांचे हात थरथरतात, घाम फुटतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही आणि भिंतीवर मुंग्या चढताहेत असे ते म्हणतात. आम्ही ही कोरोनाची भीती समजलो. लिंबूसरबत द्या, बातम्या बंद करा, शेजारी बसून राहा, असा सल्ला मी स्वतः दिला. आज सकाळी ते मावशींनाच ओळखेनात, तेव्हा आमच्या परिचयातील एका निवृत्त डॉक्टरांना विचारले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘घेत होते का?’ रोजची सवय होती. दारूची दुकाने २५ तारखेपासून बंद आहेत आणि घरातली शेवटची बाटली शुक्रवारी संपली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, त्यात झटके येऊन जीवही जाऊ शकतो, तो घरी बसून सांभाळण्याचा प्रकार नाही, असे त्यांनी सांगितले. १०८ ला फोन करून त्यांना रुग्णालयात हलवले. आमच्या लिंबूसरबताने एक अख्खा दिवस घालवला. आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : थरथर, घाम, नसलेले दिसणे, माणूस न ओळखणे, यांपैकी काहीही ऐकले की सल्ला द्यायचा नाही, डॉक्टरांना कळवायचे.

३१ मार्च, मंगळवार

तीन दिवस आम्ही आपापल्या खाजगी फोनवरून बोललो आणि त्याचा परिणाम म्हणजे काल रात्री दीड वाजता एका आजोबांनी मला त्यांच्या भावाच्या १९७२ सालच्या शेतीवाटणीची हकीकत सांगायला फोन केला. वेगळे फोन हवेत, पण दुकाने बंद असल्याने नवे कार्ड मिळत नाही. घरोघरी अडगळीत पडलेले बटणांचे चार फोन आणि वापरात नसलेली चार कार्डे गोळा झाली. एकाची बॅटरी फुगलेली होती, ती दुसऱ्या बिघडलेल्या फोनमधून काढून बसवली. चार रिचार्ज, प्रत्येकी १९९ रुपये, मुदत अठ्ठावीस दिवस, एकूण ७९६. वर्गणी प्रत्येकी शंभर, चार रुपये शिल्लक.

३ एप्रिल, शुक्रवार

जिल्ह्यात पहिले तीन रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि आज चार ते सहा या वेळात प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : ‘कुठल्या गल्लीत सापडलाय ओ?’ आमच्यापैकी दोघांनी व्हॉट्सॲपवर आलेले वाचून गल्लीचे नाव सांगितले. ते खोटे होते. संध्याकाळपर्यंत त्या गल्लीतील आमच्याच यादीतल्या एका मुसलमान आजींकडे भाजीवाला फिरकेनासा झाला. अफवा कोणी पसरवली हे शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही. भाजी आमच्यातील एक जण रोज पोहोचवतो आहे, पण आजी आता आमच्या फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. नियम : फोनवर रुग्णांचा आकडा, गाव, गल्ली काहीही सांगायचे नाही, विचारले तर ‘मला माहीत नाही’ म्हणायचे.

परत फोन करणारी म्हातारी माणसे मध्येच का ठेवून देतात, हेही आज उलगडले. क्रमांक लावला की आधी कोरोनाची सूचना कन्नडमध्ये ऐकू येते. ती ऐकून त्यांना वाटते की फोन पोलिसांना किंवा सरकारी कचेरीत लागला. ‘ती बाई बोलू दे, तिचे झाले की आम्ही येतो,’ असे प्रत्येकाला सांगून ठेवले.

भाषेची वाटणीही आम्ही आडनावावरून केली होती, तीही फसली. बेळगावात पाटील, देसाई या नावांवरून घरात कोणती भाषा बोलतात हे ठरवणे आमच्या वयाच्या माणसांना तरी शोभत नाही. कन्नड उत्तम येणाऱ्या दोघी सोबत घेतल्या. उलटही घडले : हिरेबागेवाडीच्या एका आजी लग्न होऊन पन्नास वर्षे कन्नड घरात राहिल्या आहेत, माहेर कोल्हापूरकडचे. कन्नडमधून चौकशी झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, मराठी बोलणारे कोणी आहे का. बहिणीचे येणे थांबल्यापासून त्यांनी मोठ्याने मराठी उच्चारलेच नव्हते.

९ एप्रिल, गुरुवार

‘कसे आहात?’ हा प्रश्न बंद केला. त्याचे उत्तर ‘बरे आहे’ हेच येते, मग माणूस बरा असो वा नसो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार रोज हजेरी दिल्यासारखे ‘ठीक आहे’ म्हणत. गोळ्या आहेत का विचारले तर ‘आहेत’ म्हणत. काल सहज सांगितले की पाकीट हातात घ्या आणि त्यावरचे नाव वाचून दाखवा. बराच वेळ फोनमध्ये नुसता डबे उघडल्याचा आवाज येत राहिला. रक्तदाबाच्या गोळ्या संपून बारा दिवस झाले होते. एरवी मुलगा पुण्याहून पाठवतो. तो काळजी करेल म्हणून त्याला सांगितले नव्हते, आणि परक्यांकडे मागायचे कसे म्हणून आम्हाला सांगितले नव्हते.

तेव्हापासून ‘आहे का’ असे विचारत नाही, ‘मोजून सांगा’ असे म्हणतो. गोळ्या मोजून, तांदूळ किती डबे ते पाहून, सिलिंडर हलवून. आणि दुसरी गोष्ट, त्यांच्याकडे काहीतरी मागतो. हवालदारांकडून आमच्यातील एक मुलगा रोज एका छावणीची हकीकत लिहून घेतो. एका काकू मांड्याची कृती चार दिवस पुरवून पुरवून सांगत आहेत. मदत घेताना ही माणसे अवघडतात. मदत करायला सांगितली की चारच्या आधी फोनजवळ येऊन बसतात.

१४ एप्रिल, मंगळवार

आतापर्यंतचा सर्वांत वाईट दिवस. आम्हाला वाटले होते की पहिला आठवडा कठीण जाईल. प्रत्यक्षात बहुतेकांनी एकवीस दिवस कॅलेंडरवर फुल्या मारत काढले होते, आणि आज सकाळी दहा वाजता मुदत ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. नऊ जणांनी फोन उचलला नाही. दोघे रडले. एक आजोबा म्हणाले, ‘आता मोजायचं कशाला ते सांगा.’ आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीच ‘वाढेल असे धरून चाला’ असे स्पष्ट सांगायचे ठरवले, आणि त्या दिवशी प्रत्येकाला दोनदा फोन.

२२ एप्रिल, बुधवार

ही नोंद लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली आहे.

वडगावातील एका विणकर कुटुंबाचे नाव दूधवाल्याकडून आले. सूत येत नाही, तयार साड्या उचलायला कोणी नाही, माग बंद. एका खोलीत माग, त्याच खोलीत नवरा-बायको, सासू आणि तीन मुले. दूधवाला म्हणाला की रात्री आवाज येतात. परवा मी फोन केला, बाईंनी घेतला, आणि मी सरळ विचारले, ‘ते मारतात का तुम्हाला?’ फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. नवरा दोन हातांवर बसला होता. फोन बंद झाला तो आज दुपारपर्यंत बंदच. पुढे काय झाले असेल ते मला कळते.

अशा स्त्रियांसाठी राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर केला आहे, म्हणजे न बोलता लिहून कळवता येते. पण या घरात एकच फोन आणि तोही बटणांचा.

२७ एप्रिल, सोमवार

दूधवाल्याची बायको आता स्वतः दूध घालायला जाते. तिने बाईंशी दारात बोलून शब्द ठरवला : विरजण. फोन केला की मी फक्त ‘विरजण लागलं का?’ एवढेच विचारते. ‘लागलं’ म्हणजे दिवस बरा. ‘आंबट झालं’ म्हणजे त्रास आहे पण थांबा. ‘संपलं’ म्हणजे माणूस पाठवा. बाकी सगळे प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असेच.

आज सकाळी ‘संपलं’ आले. जुन्या बेळगावात राहणारा भाऊ खरेदीच्या सवलतीच्या वेळात सायकलवरून आला आणि बाई व धाकटी दोन मुले त्याच्याबरोबर चालत माहेरी गेली. थोरला आजीजवळ राहिला, त्याला यायचे नव्हते. मी केलेली चूक यामुळे भरून निघाली असे मी समजत नाही. पण शब्द ठरवल्याशिवाय असा प्रश्न कोणीही फोनवर विचारू नये.

४ मे, सोमवार

दारूची दुकाने आज उघडली. अनगोळच्या मावशींचे यजमान रुग्णालयातून परतल्यापासून महिनाभर कोरडे होते, दोघे संध्याकाळी पत्ते खेळत. चार वाजता फोन केला तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘सकाळीच जाऊन रांगेत थांबलेत, ऊन लागंल म्हणून टोपी मीच दिली.’ त्या पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

८ मे, शुक्रवार

टिळकवाडीतील आमचे एक आजोबा काही दिवसांपूर्वी हृदयविकाराने गेले. दोन्ही मुलगे पुण्यात; परवान्यासाठी अर्ज केले, पण तो हातात पडेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा, प्रत्यक्षात आम्ही सात जण होतो. आमच्यातील सर्वांत तरुण कार्यकर्त्याने, ज्याने आजोबांना रोज फोन केला होता, सदाशिवनगरच्या स्मशानात पाऊण तास फोन उंच धरून मुलांना सगळे दाखवले. अग्नी देताना चित्र अडकले. पलीकडून थोरल्याचा आवाज येत राहिला, ‘दिसंना झालंय, जरा डावीकडं घे,’ आणि हा मुलगा धुरात डावीकडे सरकत राहिला.

त्यानंतर चार दिवस त्याने एकही फोन लावला नाही आणि वहीत मात्र ‘बोललो, ठीक’ असे लिहिले. हवालदारांनी मला विचारले म्हणून ते उघड झाले. मी रागावले, आणि तेही चुकले. सहा आठवडे रोज आठ-आठ माणसांचे ऐकून घेणाऱ्याला सुट्टी द्यावी, हे आम्हा आठ जणांपैकी एकालाही सुचले नव्हते. आता प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण रजा, कोणाकडेही सहापेक्षा जास्त नावे नाहीत, आणि रविवारी रात्री आम्ही आपसात बोलतो. बंगळूरच्या निम्हान्सची मानसिक आधाराची सेवा (०८०-४६११०००७) आम्ही इतरांना सांगत होतो. त्या मुलाने ती स्वतःसाठी वापरली. मीही एकदा लावला.

१३ मे, बुधवार

बाचीच्या बाजूला एका आजी एकट्या राहतात. मुलगी शिनोळीत दिलेली. दोन्ही गावे जवळजवळ लागून, पण एक बेळगाव जिल्ह्यात आणि दुसरे कोल्हापूर जिल्ह्यात. एरवी मुलगी दर आठवड्याला येऊन आईला न्हाऊ घालून, वेणी घालून जाई. मार्चपासून रस्त्यावर अडथळे आणि पोलीस, पाणंदींवर मातीचे ढीग. ‘पोर हाकेवर हाय, पण परदेशात दिल्यागत झालंय,’ असे आजी रोज म्हणत. त्यांना अलीकडे थोडे विसरायला होते.

काल आम्ही शहाणपणा केला. दुधाच्या टेम्पोतून आजींना अडथळ्यापर्यंत नेले, पलीकडून मुलगी आली, पोलिसांनी चांगुलपणाने दहा मिनिटे दिली. मधे पंधरा-वीस पावलांचे अंतर आणि दोघींच्या तोंडाला मास्क. आजींनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘ही माझी पोर नव्हे.’ मुलीने हाका मारल्या, मास्क खाली ओढला, तर पोलिसाने ओरडून तो वर करायला लावला. आजी घरी येऊन जेवल्या नाहीत. आज फोनवर त्यांनी मला विचारले की माझ्या मुलीचे काय झाले ते तुम्ही का लपवता.

मुलीला सांगितले की सकाळ-संध्याकाळ तूच फोन कर आणि वेणी घालताना ज्या ओव्या म्हणतेस त्या म्हण. चेहऱ्यापेक्षा आवाज ओळखीचा राहिला आहे, असे वाटते.

१९ मे, मंगळवार

राज्यातल्या बस आजपासून सुरू झाल्या. पण महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना ३१ मेपर्यंत कर्नाटकात प्रवेश नाही, असे कालच जाहीर झाले. शिनोळीची मुलगी एका वाक्यात बंदीच्या यादीत गेली. निपाणीकडच्या आमच्या चार नावांचीही तीच गत. लेकी कागल-कोल्हापुरात आणि वाट कोगनोळीच्या नाक्यावर अडलेली. आमच्या भागात सोयरीक कधी राज्य बघून झालेली नाही.

हातमाग विणकरांना २००० रुपये देण्याची घोषणा ६ तारखेला झाली. वडगावच्या बाईंचे घर यंत्रमागाचे आहे.

१ जुलै, बुधवार

आषाढी. पालख्या यंदा बसने पंढरपूरला गेल्या. यादीतील दोन वारकऱ्यांना आज दोनदा फोन केला. एकजण दिवसभर घरातल्या घरात चालत होते, उंबऱ्यापासून परसापर्यंत. किती फेऱ्या झाल्या ते त्यांनीच मोजून सांगितले, न विचारता.

वडगावच्या बाई परत सासरी गेल्या आहेत, थोरल्यासाठी. विरजणाचा फोन चालू आहे.

२५ ऑगस्ट, मंगळवार

राज्यात येण्यासाठी लागणारी ‘सेवा सिंधू’ या सरकारी संकेतस्थळावरची नोंदणी आणि सीमेवरील तपासणी रद्द झाली. शिनोळीची मुलगी आज सकाळी नवऱ्याच्या मोटारसायकलवर आली. चारला फोन केला तर तिनेच उचलला. पाणी तापले आहे, आईचे केस गुंतून जट झाली आहे, ती कापावी लागेल, असे म्हणाली. मागून आजींचा आवाज, ‘कोण हाय?’ आणि मग, ‘त्यांना सांग, उद्यापासनं करू नका.’ मला थोडे लागले, ते इथे लिहून ठेवते.

खर्चाचा ताळा : चारही फोनांचे प्रत्येकी सहा रिचार्ज, एकूण ४,७७६ रुपये, उसनी औषधे भरली ती २,१३०, त्यांपैकी १,६५० परत आले, वह्या दोन. यादीत आता अकरा नावे आहेत. अनगोळच्या मावशी त्यात आहेत, हवालदार आहेत, ३ एप्रिलच्या आजी नाहीत. रिचार्जची मुदत १४ सप्टेंबरला संपते. पुढे चार फोन ठेवायचे की दोन, ते रविवारी ठरवू.